अर्जंट काही होतं का?

आमच्या गेटसमोर त्या दिवशी एक पांढरी गाडी उभी होती. मोठी, उंच, नुकतीच धुतलेली. वायपरच्या खाचेत अजून पाणी होतं. गेटला अगदी चिकटून नाही, दीड हात सोडून. म्हणजे माणूस आडवा होऊन बाहेर पडेल, फार तर स्कूटर तिरकी करून निघेल, चारचाकी मात्र हलणार नाही. एवढा हिशेब करून लावलेली गाडी दिसली की लावणाऱ्याच्या डोक्यात गेटचा विचार येऊन गेला होता हे कळतं, आणि राग त्याचाच जास्त येतो. आत गणपतीच्या शेजारी फोन नंबरची पट्टी चिकटवली होती. मी नंबर फिरवला. पलीकडे मागे घोषणा चालली होती, पुढील स्थानक अमुक, दरवाजे तमुक बाजूला उघडतील. “अरे, सॉरी हां मॅडम,” तो म्हणाला. आवाज तरुण, मऊ. “मी मेट्रोत आहे. सहा-साडेसहापर्यंत येतो.” आणि मग, खरोखरच्या काळजीने, “अर्जंट काही होतं का?”

मी म्हणाले, “नाही, तसं अर्जंट काही नाही.”

फोन ठेवला आणि तिथेच उभी राहिले. मला मार्केट यार्डात जाऊन आंब्याची पेटी आणायची होती. मे महिना संपत आलेला, पावसाचा एक शिडकावा झाला की हापूस संपलाच. पण आंबे काही अर्जंट नसतात. रिक्षानेही आणता येतात आणि मी तसेच आणले. पेटी मांडीवर, गवताच्या काड्या साडीला. पेटी चांगली निघाली. आंबे संपले तरी त्या माणसाचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. तो उर्मट बोलला असता तर माझी तयारी होती. पुण्यात इतकी वर्षं काढलेल्या कुणाकडेही अशा प्रसंगासाठी चार वाक्यं लोणच्यासारखी मुरवून ठेवलेली असतात. पण सभ्य माणसापुढे ती वाक्यं काय कामाची? त्याने सॉरी म्हटलं, वेळ सांगितली, चौकशी केली. आणि त्या चौकशीतूनच मला समजलं की माझ्याच गेटमधून बाहेर पडायचं तर आता कारण लागतं. छातीत कळ, विमान, सुनेच्या पोटात दुखायला लागणं, अशा कारणांना गेट उघडं. आंब्यांना नाही. उगाच एक चक्कर मारून येऊ म्हणून बाहेर पडणाऱ्याला तर नाहीच नाही.

आमची गल्ली कर्वे रस्त्याला लागून आत येते. ६ मार्च २०२२ ला वनाझ ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली तेव्हा आम्ही सगळे हौसेने बसून आलो. गॅलऱ्या, गच्च्या, त्यांवर वाळत घातलेले कपडे, सगळं वरून बघितलं. स्टेशनाखाली गाड्या लावायला जागा नाही ही गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही. जाऊन-येऊन पुन्हा घरीच तर यायचं होतं. पुढे ती मार्गिका नदीपलीकडे गेली, नोकरीला जाणारी माणसं तिने जाऊ लागली, आणि कोथरूड-वारज्याकडून गाडीने येऊन आमच्या गल्लीत गाडी ठेवून पुढे मेट्रोने जाणं हा सोयीचा रस्ता झाला. बरं, यात चुकीचं काय आहे? माणसं मेट्रोने जावीत म्हणून तर एवढा खटाटोप केला. ती संबंध शहरभर गाडी फिरवत नाहीत, पेट्रोल वाचवतात, गर्दी कमी करतात. फक्त दिवसभर त्यांची गाडी आमच्याकडे असते.

आमचे वॉचमन काका बीडकडचे. त्यांना या गाड्या माणसांसारख्या ओळखू येतात. “लाल गाडी बँकवाल्या मॅडमची, ताई. ती चारला येते. राखाडी गाडीवाले साहेब शुक्रवारी येत नाहीत. ही पांढरी नवीनच दिसती.” गेटच्या दोन्ही बाजूंना त्यांनी रंगाचे दोन रिकामे डबे ठेवलेत. डब्यांत सिमेंट ओतून मधे पाइप उभा केलाय, पाइपाला लाल चिंधी. सकाळी सातला डबे बाहेर, रात्री अकराला आत. त्या दिवशी काका दुधाच्या पिशव्या वाटायला वर गेले होते, तेवढ्यात कुणीतरी डबा उचलून बाजूला ठेवला आणि गाडी लावली. डबा भिंतीशी नीट ठेवलेला, पाइप सरळ. इथेही सभ्यपणाच. खरं म्हणजे ते डबे ठेवायचा आम्हालाही हक्क नाही. गेटच्या बाहेरचा रस्ता महापालिकेचा. गेटासमोरचं कुणी अडवायचं नाही एवढंच आमचं म्हणणं खरं. त्याच्या डावी-उजवीकडची दहा-दहा फूट आम्ही आमची म्हणून धरून बसलोय ती कुठल्या कागदाने? समोरच्या सोसायटीने कुंड्या मांडल्यात, त्यात तुळससुद्धा आहे, म्हणजे हलवणाऱ्याला पाप लागावं. पलीकडच्या बंगल्याने जुनं टायर अर्धं पुरलंय. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे प्लास्टिकची खुर्ची असते, तिच्यावर कधीच कुणी बसत नाही.

गाड्या दिवसेंदिवस हलत नाहीत तेव्हा रस्त्याला काय होतं ते झाडणाऱ्या बाईंना विचारावं. त्यांचा खराटा गाडीखाली जात नाही. गाडी निघून गेली की खाली गाडीएवढा चौकोन उरतो, गुलमोहराची पानं, शेंगांचे तुकडे, एखादा पराठ्याचा कागद, आणि मधोमध तेलाचा काळा ठिपका. भोवतीचा रस्ता स्वच्छ, चौकोन तेवढा राहिलेला. पहिल्या पावसात उलटं होतं. सगळीकडे ओलं आणि चौकोन तेवढे कोरडे, त्यांत गल्लीतली कुत्री येऊन बसतात. एक काळी गाडी तर वर्षानुवर्षं उभी आहे. तिचं कव्हर फाटून झालरी झाल्यात, चारही चाकं बसलीत, बॉनेटवर कबुतरांचा थर. मालक अमेरिकेला असतो म्हणतात. गल्लीत वीतभर जागेवरून हमरीतुमरी होते, पण त्या गाडीबद्दल कुणी बोलत नाही. ती आता गल्लीतली जुनी रहिवासी झालीय.

माझं लहानपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलं. दहा बाय बाराची खोली, तिला लागून बोळकंडीएवढं स्वयंपाकघर, आम्ही पाच माणसं. वडिलांनी बजाजची स्कूटर बुक केली होती; नंबर लागायला वर्षं जायची तो काळ. शेवटी चेतक आली तेव्हा तिला ठेवायचं कुठे, यावर आधी घरात आणि मग मालकांशी बोलणी झाली. रस्त्यावर? छे. एवढी महागाची वस्तू रात्रभर रस्त्यावर ठेवायची ही कल्पनाच कुणाला शिवली नाही. दिंडी दरवाजाचा उंबरठा गुडघ्याएवढा. त्यावर फळी टाकायची, वडिलांनी पहिल्या गिअरमध्ये अर्धा क्लच धरून स्कूटर चढवायची, मागून काकांनी ढकलायचं. फळी आणायचं काम माझं. फळीला एका बाजूला ठोकपट्टी होती, ती उंबरठ्यात अडकायची. उलटी टाकली तर घसरायची आणि वडील ओरडायचे. जिन्याखाली शहाबादी फरशीवर पोतं अंथरून तिथे चेतक झोपायची. संध्याकाळी देवापाशी उदबत्ती लागली की जिन्यात उदबत्तीचा आणि पेट्रोलचा एकत्र वास यायचा. तो मला अजून आवडतो.

पण तेव्हा काही रामराज्य नव्हतं. आमच्या वाड्याच्या भिंतीवर मालकांची पाटी होती, ‘भिंतीस सायकली टेकवू नयेत.’ त्या पाटीलाच चार सायकली टेकलेल्या असायच्या. शेजारी कोळशाची वखार, तिची हातगाडी भर बोळात आडवी. लग्नसराईत अख्ख्या रस्त्यावर मांडव. भांडणं तर रोजची. फरक एवढाच की भांडायला माणूस हजर असायचा. खालून हाक मारली, “कुणाची रे ही सायकल?” की कुठल्यातरी दारातून कुणीतरी भाताचा हात तसाच धरून बाहेर यायचा, डाव्या हाताने सायकल बाजूला करायचा, वर दोन शब्द ऐकवायचा आणि आत जेवायला बसायचा. मामला पाच मिनिटांत मिटायचा, किंवा मिटायचा नाही, पण दोघांना एकमेकांची तोंडं माहीत व्हायची. आता रस्त्यावर गाडी असते आणि माणूस नसतो. गाडीशी भांडता येत नाही. म्हणून तर लोक वायपर उभे करून ठेवतात, आरसे मिटतात, धुळीत बोटाने लिहितात, आणि फारच झालं तर चाकाच्या व्हॉल्व्हमध्ये आगपेटीची काडी घालून बसतात. ‘गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल’ ही पाटी पुण्याबाहेरच्यांना गंमत वाटते. मी ती हवा सोडताना एका सद्‌गृहस्थांना पाहिलंय. सत्तरीचे, पांढरा लेंगा, गुडघ्यावर हात ठेवून कसेबसे उकिडवे बसलेले, आणि त्या फुस्स आवाजाबरोबर चेहऱ्यावर आलेलं समाधान. गाडीमालकाला ते कधीच दिसलं नाही. त्याला फक्त बसलेलं चाक दिसलं, आणि तो गाडी तिथेच ठेवून पंक्चरवाला शोधायला गेला. म्हणजे गेट आणखी तीन तास बंद.

पोलिसांना बोलवा, असं सांगणारे असतातच. टोइंगचा टेम्पो आमच्याकडे येतो. आधी माइक ऐकू येतो, एमएच बारा, अमुक अमुक, गाडी काढून घ्या. मग गल्लीभर पळापळ. अर्ध्या गालाला साबण लावलेला माणूस किल्ली घेऊन धावताना मी पाहिलाय. टेम्पोवरची पोरं दुचाकी दोघांत अलगद उचलतात, हँडल लॉक असो नसो. जातात त्या कामवाल्या मावशींच्या मुलाची मोपेड, डिलिव्हरीवाल्याची बाइक, समोरच्या आजोबांना इंजेक्शन द्यायला आलेल्या सिस्टरची स्कूटी. पांढरी उंच गाडी उचलायला क्रेन लागते, आणि क्रेन गल्लीत वळत नाही, कारण दोन्ही बाजूंना गाड्या आहेत. दंड आता पहिल्या वेळी ५०० आणि पुढे १५०० रुपये. ५०० रुपये सिस्टरच्या दिवसाच्या कमाईतून जातात, पांढऱ्या गाडीवाल्याला ते जेवणाच्या बिलात दिसतही नाहीत. मोठ्या रस्त्यावर पी-१, पी-२ च्या पाट्या आहेत, विषम तारखेला एका बाजूला, सम तारखेला दुसऱ्या. त्यातही ३१ तारखेनंतर १ येते, दोन्ही विषम, म्हणजे एका बाजूला लागोपाठ दोन दिवस. आमच्या नवऱ्याने हे शोधून काढलं आणि एक अख्खा चहा त्यावर बोलला.

कायदा काय म्हणतो तेही त्यानेच काढलं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२७. सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त बेवारस किंवा नुसतंच कुणी जवळ नसताना सोडलेलं वाहन हलवायला गणवेशातला पोलीस अधिकारी परवानगी देऊ शकतो. “तो नऊला लावून सहाला येतो,” नवरा म्हणाला, “तासाभराने वाचला.” पण तो वाचलेला नाही. त्याच कलमात मनाई असलेल्या जागी लावलेली गाडीही येते, तिला दहा तास थांबावं लागत नाही. आणि दुसऱ्याच्या आवाराच्या दारासमोर गाडी लावायची नाही हे २०१७ च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समध्ये स्पष्ट आहे. आमचं अर्जंट आहे की नाही, हे त्यात कुठे विचारलेलं नाही. वाचून मला फार बरं वाटलं. त्याचा उपयोग मात्र एवढाच झाला.

गाडीच्या जागेचं माप इमारतीच्या नकाशात अडीच मीटर बाय पाच मीटर धरतात. साडेबारा चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ १३५ चौरस फूट. माझ्या माहेरची खोली १२० फुटांची होती.

हे गणित मी कुणाला सांगितलं की लोक हसतात आणि मग गप्प होतात. २०१८ साली पुण्यातली नोंदलेली वाहनं ३६ लाखांच्या वर गेली, म्हणजे माणसांच्या पुढे, अशी बातमी होती. त्याच वर्षी मार्चमध्ये महापालिकेत पार्किंगचं धोरण आलं. रात्री घराबाहेर गाडी लावायचेही पैसे पडणार म्हटल्यावर शहरात जो गहजब झाला तो आठवतो. ‘आमच्याच घराखाली गाडी लावायचे पैसे?’ घराखाली नव्हे, घराबाहेर, पण हे त्या गोंधळात बोलायची सोय नव्हती. पाच रस्त्यांवर प्रयोग करायचं ठरलं. आमच्या गल्लीपर्यंत ते धोरण आलं नाही. मला विचाराल तर पैसे घ्यावेत, आमच्याकडूनही घ्यावेत. खोलीला भाडं असतं, मग तेवढ्याच जागेला का नसावं? जपानमध्ये १९६२ पासून नियम आहे, गाडी ठेवायची जागा दाखवा, पोलीस बघून दाखला देतात, मग गाडीची नोंद. आपल्याकडे २०२५ च्या मे महिन्यात परिवहनमंत्री प्रताप सरनाईकांनी तसंच काहीसं जाहीर केलं, पार्किंगचा दाखला नसेल तर नव्या गाडीची नोंदणी नाही. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचं स्वागत झालं. स्वागत करणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या गाड्या बाहेर असतात. आमची इमारत बांधली तेव्हा पार्किंग म्हणजे सायकलींची शेड. आत आमच्यासकट चार गाड्या कशाबशा मावतात, बाकीच्या महापालिकेच्या जिवावर.

त्या दिवशी संध्याकाळी मी गॅलरीत उभी राहिले. मुद्दाम नाही म्हणणार नाही. सव्वासहाला तो आला. तिशीतला, पाठीला सॅक, हातात डब्याची पिशवी. दिवसभर बाहेर राहून आलेल्या माणसाची चाल. काकांकडे बघून त्याने हात केला, काकांनी सलाम ठोकला. काकांचा सलाम गाडीच्या उंचीवर ठरतो. मी मनात वाक्यं जुळवत होते. रेग्युलेशन्सपासून सुरुवात करावी की दीड हातापासून? तेवढ्यात त्याने वर बघितलं. “काकू, तुम्हीच फोन केला होता ना? फार त्रास नाही ना झाला?” सकाळची मॅडम संध्याकाळी काकू झाली होती. मी म्हणाले, “आंबे आणायचे होते.” तो म्हणाला, “मिळाले का मग?” मी म्हणाले, “मिळाले.” त्याने समाधानाने मान हलवली आणि गाडी काढून गेला. इंडिकेटर लावून, हळू, एका मांजराला वाट देत.

नवरा आतून म्हणाला, “झालं बोलून?”

पुढच्या रविवारी सोसायटीची सभा होती. विषय पुनर्विकास, गेटचा विषय मी ऐनवेळच्या विषयांत घातला होता. कुणी म्हणालं लोखंडी खांब रोवा, कुणी जॅमर आणा, कुणी कॅमेरा. चौथ्या मिनिटाला ते मागे पडलं, कारण बिल्डरचा नकाशा टेबलावर उलगडला गेला. नव्या इमारतीत प्रत्येक फ्लॅटला पार्किंग. मग तेवढ्यावरच तासभर. बिल्डरला स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखालची खांबांमधली जागा, स्वतंत्र विकता येत नाही, हे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून झालंय, असं दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी निकालाच्या प्रतीसकट सांगितलं. मग जागा कशा वाटायच्या? चिठ्ठ्या टाकून की मजल्याप्रमाणे? काही जागा यांत्रिक आहेत, एकावर एक. वरची गाडी खाली आणायची तर खालच्याने आधी बाहेर काढायची. शेजारच्या गल्लीतल्या नव्या इमारतीत तसंच आहे. तिथले लोक सकाळच्या घाईत कोण थांबतंय म्हणून गाड्या रस्त्यावर लावतात, आणि ज्यांच्या मोठ्या गाड्या त्या पाळण्यात बसतच नाहीत, तेही.

चौथ्या मजल्यावरचे आजोबा इतका वेळ काही बोलले नव्हते. त्यांच्याकडे गाडी नाही, कधी नव्हती. शेवटी ते उठले आणि खिशातून चार घड्या केलेला अर्ज काढला. माझ्या वाट्याची जागा मला मिळावी, खालची, उघड्या बाजूची, असं त्यात होतं. भाड्याने देणार का, असं तिघांनी एकदम विचारलं. दोघांनी तिथल्या तिथे भावही सांगितला. नाही, म्हणाले. नातू शनिवार-रविवार येतो, त्याला बॉल टाकायला गल्लीत जागा नाही, तिथे टाकीन. खजिनदार म्हणाले, पार्किंगच्या जागेत खेळता येत नाही, उपविधीत बसत नाही. वकीलबाई म्हणाल्या, कुठल्या उपविधीत, दाखवा. उपविधींचं पुस्तक सेक्रेटरींच्या घरी होतं. ते आणायला माणूस गेला, पुस्तक सापडलं नाही, चहा आला. सेक्रेटरींनी इतिवृत्तात ‘अर्ज विचाराधीन’ असं लिहिलं आणि सभा पुढच्या रविवारवर ढकलली. आजोबांनी त्या अर्जाची पोच मागून घेतली, तारीख आणि शिक्क्यासकट.